‘चालून तर राहिलं’: घर घेण्याआधी तपासलेले चौतीस सॉकेट

घर पाहायला गेलं की आमच्याकडे कामं वाटलेली असतात. आई नळ सोडून पाहते आणि देवघराचं तोंड कुठं येतं ते ठरवते. बाबा कागद मागतात: आर. एल. (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे का, कर कोणाच्या नावानं भरतात, आखीव पत्रिकेवर नाव चढलं का. नवरा पार्किंग पाहतो. विजेची तपासणी म्हणजे जाता जाता कुणीतरी पंख्याचं बटन दाबायचं, पंखा फिरला की झालं. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही एवढंच केलं असतं.

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागात मावशीकडे कामाला येणाऱ्या बाईंना कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागला. हातातला मग उडाला, त्या मागे भिंतीवर आदळल्या आणि हात सुटला, म्हणून वाचल्या. कूलर नवा होता. सॉकेटही नवा, पांढराशुभ्र. फक्त त्यात अर्थिंगची, म्हणजे बिघाडात करंट जमिनीत उतरवणारी, तार नव्हती. नागपूरकराला यापुढचं सांगायला नको. उन्हाळा लागला की अशी बातमी पेपरात कुठून ना कुठून येतेच. आपण हळहळतो, पान उलटतो आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठतो.

2024 च्या मार्चमध्ये त्रिमूर्तीनगर भागातला एक फ्लॅट आम्हाला पसंत पडला. 1998 चं बांधकाम, पहिला मजला, दोन बेडरूम, मागच्या बाल्कनीत कडुनिंबाची सावली. विकणारे काका-काकू पुण्याला मुलाकडे चालले होते. इसारचिठ्ठी करण्याआधी मी म्हटलं, एक दिवस घरातले सगळे पॉइंट तपासू द्या. काकांच्या चेहऱ्यावर आठी आली. ‘सव्वीस वर्षं झाली, कोणाला साधा झटका नाही लागला जी या घरात,’ ते म्हणाले. पण ‘तपासा’ही म्हणाले.

बर्डीच्या बाजारातून साडेचारशे रुपयांना एक सॉकेट टेस्टर आणला. थ्री-पिन टॉपसारखाच दिसतो, पाठीवर तीन छोटे दिवे. सॉकेटमध्ये खुपसायचा, बटन दाबायचं आणि कोणते दिवे लागतात ते पाहायचं. आत जादू काहीच नाही. एक दिवा फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) यांच्या मध्ये जोडलेला, दुसरा फेज आणि अर्थच्या मध्ये, तिसरा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये. हे एकदा लक्षात आलं की मागचा तक्ता पाठ करावा लागत नाही. आपल्याकडच्या सॉकेटसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. सगळं जागच्या जागी असेल तर पहिले दोन दिवे लागतात. अर्थ तुटलेला असेल तर एकटा पहिला लागतो. न्यूट्रल तुटला असेल तर एकटा दुसरा. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तर पहिला आणि तिसरा. एकही लागला नाही तर फेज पोचतच नाही.

एका रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन मी आणि नवरा वही घेऊन पोचलो. मी टेस्टर लावत होते, तो लिहीत होता. सोबत काकू. प्रत्येक सॉकेटचा इतिहास त्यांना ठाऊक: इथं आधी टीव्ही होता, इथं धाकट्याचा कॉम्प्युटर, इथं इस्त्री. मला त्या वेळी हे सगळं विषयांतर वाटलं. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन काढून ती जागाही तपासायची असं मी आधीच ठरवलं होतं, कारण झाकलेल्या सॉकेटांवरच खरा भार असतो. काकांनी फ्रिज ओढायला मदत केली, पण त्यांचं तोंड वाकडंच होतं.

स्वयंपाकघरात एक गोष्ट दिसली. फ्रिजसमोर एक लाकडी पाट आणि बाजूला रबरी चपलांचा जोड. मी विचारलं, काकू, हे काय? ‘अगं, फ्रिजला हात लावताना चप्पल घालायची, नाहीतर बारीक झिणझिण येते. पावसाळ्यात जरा जास्त. आमच्याकडे सगळ्यांना सवय आहे.’ काका म्हणाले, ‘ते शॉक थोडी आहे!’

मी काही बोलले नाही. टेस्टर लावला. एकटा पहिला दिवा.

दुपारपर्यंत चौतीस सॉकेट झाले. एकवीस पास, तेरा नापास. सहा ठिकाणी अर्थ गायब. दोन ठिकाणी फेज-न्यूट्रल उलटे, दोन्ही एकाच बेडरूमच्या बोर्डावर. एकात न्यूट्रल तुटलेला. तीन पूर्ण मेलेले. आणि बाथरूमबाहेरचा गिझरचा पॉवर पॉइंट टेस्टरवर अगदी बरोबर, पण त्याचं उजवं भोक करपून तपकिरी झालेलं, टॉप घातला तर सैल, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा. तोही मी नापासच धरला. यंत्र काय म्हणतं ते ठीक, पण नाक आणि डोळे घरी ठेवून जाऊ नये. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की टॉपच्या पिनेला नुसती टेकून राहते, त्या टेकण्याच्या जागी उष्णता होते, उष्णतेनं पट्टी आणखी सैल होते. दोन हजार वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो. ते सगळं अशा टेकलेल्या पिनेतून गेलं की बेकलाइट करपणारच.

आता मला एक आवडता गैरसमज मोडायचा आहे, कारण तो आमच्याही घरी होता. मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, चार्ज झाला, म्हणजे पॉइंट ठीक. चार्जरला दोनच पिना असतात. अर्थच्या भोकाशी त्याचा संबंधच नाही. तिथं अर्थ असो, नसो किंवा उघडा फेज असो, मोबाइल सुखानं चार्ज होतो. काकांनी तेराच्या तेरा नापास पॉइंटांवर चार्जर लावून दाखवला आणि त्यातल्या नवांवर तो चालला. ‘पाहा, चालून तर राहिलं!’ या वाक्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वायरमनला बोलावलं; आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. परवानाधारक, आमच्या आधीच्या घराचं काम त्यांनीच केलेलं. परवान्याचा आग्रह मी मुद्दाम धरते. नव्या कनेक्शनसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट देताना सही परवानाधारकाचीच लागते, आणि ज्याला सही करायची सवय आहे तो माणूस ‘चालते ना’ म्हणताना दोनदा विचार करतो. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, ‘ताई, मोबाइल चार्ज होऊन राहिला म्हणजे फेज-न्यूट्रल आहे, एवढंच. अर्थिंगचं त्याले काय माहीत?’ हे उत्तर मला आदल्या दिवशी हवं होतं.

मी मात्र माझं नवं ज्ञान घेऊन तयार होते. घरी पडलेला मल्टिमीटर आणला होता. फ्रिजच्या पॉइंटला फेज आणि अर्थमध्ये लावला तर 87 व्होल्ट. मी म्हटलं, ‘म्हणजे थोडंतरी अर्थिंग आहे की.’ भाऊ हसले. तुटलेली तार भिंतीतल्या पाइपात फेजच्या तारेशेजारून धावते, तिच्यावर शेजारधर्मानं व्होल्टेज चढतं आणि मीटर इतका संवेदनशील की तेही दाखवतो. त्या व्होल्टेजमागे ताकद काही नसते. त्यांनी पिशवीतून होल्डरमधला शंभर वॅटचा पिवळा बल्ब काढला, दोन तारा लावलेला, अगदी जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प. फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब मेलेलाच. मीटरचे 87 व्होल्ट तिथंच संपले. त्या बल्बला निवृत्तीवेतन द्यायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग त्यांनी पास झालेल्या सॉकेटांवरही बल्ब लावला. लागला, पण पेंगुळलेला, पिवळसर. फेज-न्यूट्रलमध्ये लखलखणारा बल्ब फेज-अर्थमध्ये डोळे मिटत होता. म्हणजे अर्थची तार सॉकेटपर्यंत पोचते, पण जमिनीत नीट उतरत नाही. खाली पार्किंगमध्ये अर्थिंगचा खड्डा शोधला. एका स्कूटरच्या स्टँडखाली सिमेंटचं झाकण. उघडलं तर आत ठणठणीत कोरडी माती आणि पाइपाला तार बांधलेला क्लॅम्प गंजून भुकटी झालेला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओली, चिकट. एप्रिलमध्ये हातभर भेगा. जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे, ते उगीच नव्हे. आम्ही तुळशीला घालतो, खड्ड्याला विसरतो.

इथवर सगळं माझ्या वहीत बसणारं होतं. वहीत न बसणारी गोष्ट हॉलच्या खिडकीपाशी निघाली.

तो कूलरचा पॉइंट. खिडकीच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. माझ्या टेस्टरवर पास. दोन दिवे, हवेत तसे. बल्ब लावला तर बाकीच्यांसारखा पेंगुळला नाही, लख्ख पेटला. मला आनंदच झाला, निदान कूलरचा तरी चांगला आहे. भाऊ गप्प झाले. ‘सगळ्या घराचं अर्थिंग झोपलं आणि याच्या एकट्याचं जागं कसं?’

त्यांनी काकूंची इस्त्री मागितली आणि त्याच सर्किटवरच्या शेजारच्या सॉकेटला लावली. मग मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये. शेजारच्या सॉकेटवर इस्त्री चालू केल्यावर दीड-दोन व्होल्ट दिसले. तसे दिसायलाच हवेत, कारण न्यूट्रलमधून करंट वाहतो आहे, तारेत थोडं व्होल्टेज खर्ची पडणारच, आणि अर्थच्या तारेत काहीच वाहत नाही. कूलरच्या पॉइंटवर आकडा: 0.0. इस्त्री बंद केली, चालू केली. 0.0. दोन तारा वेगळ्या असतील तर इतकं एकमत होत नाही.

मेन बंद केला. त्यांनी आधी चालू सॉकेटवर टेस्टर लावून तो काम करतो का ते पाहिलं होतं. मेन पाडल्यावर कूलरच्या सॉकेटवर लावला, आणि मग पुन्हा आपल्या दुचाकीच्या डिकीतल्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या टेस्टरनं खात्री केली. ही सवय मला फार आवडली. टेस्टर बिघडलेला असेल तर तोही ‘करंट नाही’च म्हणतो. मग प्लेट उघडली. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीची काळी तार. लूप मारलेला. हिरवी तार बॉक्सच्या कोपऱ्यात गुंडाळून, टोक कापून ठेवलेली.

कुणीतरी, कधीतरी, ‘अर्थिंग येऊन नाही राहिलं’ म्हणून न्यूट्रललाच अर्थ करून टाकलं होतं. टेस्टरच्या नजरेत न्यूट्रल आणि खरा अर्थ सारखेच, दोन्ही शून्याच्या आसपास. म्हणून तो पास म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्याला कळतच नाही. आणि धोका असा: ज्या दिवशी त्या सॉकेटमागचा न्यूट्रल कुठंतरी सैल होईल किंवा तुटेल, त्या दिवशी फेज कूलरच्या मोटरमधून न्यूट्रलला, न्यूट्रलवरून त्या बोटभर लूपमधून अर्थच्या पिनेला आणि तिथून कूलरच्या पत्र्याच्या अंगावर येईल. पूर्ण 230 व्होल्ट. कूलर बंद पडला म्हणून माणूस पाहायला जाणार, ओल्या फरशीवर उभा राहून पत्र्याला हात लावणार. अर्थ नसलेला सॉकेट निदान काही बिघडेपर्यंत गप्प बसतो. हा तर अर्थच्याच तारेनं फेज बाहेर आणून देणारा. आणि न्यूट्रल तुटलेला एक सॉकेट त्याच घरात आदल्याच दिवशी आम्हाला सापडला होता.

काका प्लेटकडे पाहत होते. खूप वेळानं म्हणाले, ‘त्या खिडकीत आमचा नातू बसतो सुट्टीत.’

बाकीच्या नापासांची कारणं भराभर निघाली. बेडरूमच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे आले होते, त्यामुळे बटन फेजऐवजी न्यूट्रल तोडत होतं. बटन बंद असलं तरी सॉकेटमध्ये फेज उभाच. दिव्याचं बटन बंद करून आपण बल्ब बदलतो, तेव्हा आपला सगळा विश्वास त्या बटनावर असतो. बोर्डाच्या मागे दोन तारांची जागा बदलली, वीस मिनिटांत काम झालं. न्यूट्रल तुटलेल्या ठिकाणी साधा, स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर पेटत होता, म्हणून काका सव्वीस वर्षं नाही तरी निदान चार वर्षं म्हणत होते, ‘करंट तर आहे, तुमचं मशीनच खराब असेल.’ करंट जायला वाट असते तशी परतायलाही लागते. मेलेल्या तिघांपैकी एकाचं नुसतं बटन गेलं होतं. दुसरा स्वयंपाकघरातला, ट्रॉली बसवणाऱ्या सुतारानं भिंतीत स्क्रू मारला तो थेट पाइपातून तारेत. तिसरा, हॉलच्या कोपऱ्यातला, कशानं मेला ते कळेना. काका म्हणाले, ‘तो बंदच आहे, पहिल्यापासून.’ आम्ही तो नंतरवर टाकला. त्याच्याकडे येते.

आता पैशाचं. घर विकणाऱ्याला त्याच्या घरातले दोष सांगणं हे सोयरिकीत मुलीचा रंग काढण्यासारखं असतं. मी एक केलं, चढ्या आवाजात काही बोलले नाही. काका महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांना मी एक तक्ता करून दिला. सॉकेट क्रमांक, खोली, टेस्टरवर काय दिसलं, उघडल्यावर काय निघालं, दुरुस्ती काय, खर्च अंदाजे किती. तेरा ओळी आणि कूलरची चौदावी. प्रत्येकाचा फोटो. ऑडिटमध्ये जन्म गेलेला माणूस तक्त्याशी भांडत नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, नवव्या ओळीतली माझी बेरजेची चूक दाखवली आणि मग म्हणाले, ‘गिझरचा सॉकेट झिजतोच. तो माझ्याकडे नका लावू.’ बरोबर होतं. तो मी काढला.

भाऊंचा अंदाज सगळा मिळून बावन्न हजारांचा होता: नापास सर्किटांत नव्या तारा, नवा डीबी (सगळ्या सर्किटांच्या खटक्यांची पेटी), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका), आणि अर्थिंगचा नवा खड्डा. काका म्हणाले की खड्डा सोसायटीचा, तो त्यांच्या एकट्याचा नाही. हेही बरोबर होतं. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘फ्रिजचं तरी खरं आहे हो तिचं. मी वीस वर्षं चप्पल घालून दूध काढतेय.’ विक्रीपत्राच्या वेळी शेवटच्या हप्त्यातून पंचवीस हजार वजा करायचे ठरले. नवरा म्हणतो, आणखी ताणता आलं असतं. मला नाही वाटत. दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्यायची नाही, हे मात्र मी ठरवलं होतं. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातला वायरमन बोलावणार, आणि स्वस्तातला वायरमन पुन्हा बोटभर लूप मारणार. पैसे वजा करा, काम आम्ही करू.

सोसायटीत नऊ फ्लॅट. खड्ड्यासाठी सगळ्यांकडून पैसे जमायला बैठका लागल्या तीन. पहिल्या बैठकीत ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य मी पाच तोंडांतून ऐकलं. दुसऱ्या बैठकीला मी टेस्टर घेऊन गेले आणि ज्यांच्याकडे बैठक होती त्यांच्याच हॉलमध्ये कूलरच्या पॉइंटला लावला. एकटा पहिला दिवा. तिसऱ्या बैठकीत पैसे जमले. अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या आत आकडा आला तेव्हा भाऊंनी तो सगळ्यांना बोलावून दाखवला.

आरसीसीबी कशाला, हे आमच्या बाबांनी विचारलं होतं, कारण एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारे खटके, तर होतेच. भाऊंनी त्यांना कागदावर भागाकार करून दाखवला. समजा कूलरच्या पत्र्याला फेज लागला आणि खड्ड्याचा अवरोध वीस ओहम आहे. 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणतो, काहीतरी चालू असेल, चालू दे. तो पडतच नाही, आणि पत्रा तसाच जिवंत. आरसीसीबी किती करंट गेला हे पाहत नाही. फेजनं जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का, हे पाहतो. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडतो. बाबांनी भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मान्य केलं.

आणि मग तो आरसीसीबी बसवल्यापासून दर संध्याकाळी पडायला लागला. अगदी दिवेलागणीला. घरातली सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती, जणू मीच खाली पाडते आहे. अर्धा दिवस गेला शोधण्यात. बाल्कनीतल्या दिव्याचा न्यूट्रल कुणीतरी मीटरजवळून, मेनच्याही आधीच्या जागेवरून ओढला होता. म्हणजे फेज आरसीसीबीतून जायचा आणि न्यूट्रल बाहेरच्या वाटेनं परतायचा. हिशेब जुळायचा नाही, तो पडायचा. बिचाऱ्याचं बरोबर होतं. असे जुने उसनवार न्यूट्रल आरसीसीबी बसवला की एकेक करून उघडे पडतात, आणि तेव्हा बरेच लोक ‘हे यंत्र फालतू आहे’ म्हणून त्यालाच काढून टाकतात. भाऊ म्हणाले, त्यांनी अशी घरं पाहिली आहेत जिथं आरसीसीबी भिंतीवर दिसतो, पण तारा त्याच्या बाजूनं वळसा घालून गेलेल्या.

बसवल्यावर त्यांनी प्रत्येक सॉकेटवर तोच पिवळा बल्ब फेज-अर्थमध्ये लावला. प्रत्येक वेळी आरसीसीबी पडायला हवा. शंभर वॅटच्या बल्बमधून साधारण 430 मिलीअँपिअर जातात, तीसच्या कितीतरी वर. जिथं बल्ब पेटेल आणि आरसीसीबी पडणार नाही तिथं समजायचं की न्यूट्रलचा लूप आहे, करंट चोरवाटेनं परत चालला आहे. चौतीस वेळा बल्ब, चौतीस वेळा खटका. तेहेतीस वेळा, खरं तर. हॉलच्या कोपऱ्यातला तिसरा मेलेला सॉकेट अजून मेलेलाच होता.

त्याच्यासाठी आम्ही काय नाही केलं. बोर्डातून तार ओढायची स्प्रिंग घातली, ती दीड फुटावर अडली. मग भिंत फोडली. प्लास्टर काढून पाइप उघडा केला तर तो वर छताकडे न जाता आडवा, खिडकीकडे गेलेला. तिथं पुन्हा फोडली. तार चांगली, कुठं तुटलेली नाही, आणि तरी फेज नाही. नवतपा सुरू झालेला, बाहेर पंचेचाळीस, आत प्लास्टरची धूळ, आणि भाऊ म्हणाले, ‘ताई, आता याले कोरी प्लेट लावून बंद करून टाकू.’ आम्ही लावली. भिंत बुजवली, रंग मारला. रंग जुन्याशी जुळला नाही.

जूनच्या शेवटी काकू काही कामानं नागपुरात आल्या होत्या, तेव्हा घर पाहायला आल्या. सगळं फिरून पाहिलं. फ्रिज उघडला, अनवाणी. हॉलच्या कोपऱ्यात येऊन थांबल्या. ‘हा बंद केला काय? इथं माझा रेडिओ असायचा.’

मी म्हटलं, ‘काकू, तो चालतच नव्हता. काका म्हणाले पहिल्यापासून बंद आहे.’

‘त्यांना काय माहीत? ते ऑफिसात असायचे.’ त्या बाल्कनीत गेल्या, दाराच्या मागे हात घातला, जिथं आम्ही पडद्याचा दांडा बसवला होता, आणि एक बटन दाबलं. सव्वीस वर्षांचं पिवळं पडलेलं, आम्ही कधी न पाहिलेलं. ‘तुळशीला पाणी घालताना लावता यावा म्हणून मी बटन इथं घेतलं होतं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

नवऱ्यानं कोरी प्लेट काढली. मी टेस्टर शोधून आणला. पहिला आणि दुसरा, दोन दिवे.